स्वतःच्याच गाण्याची चोरी? अमेरिकन रॉकमधल्या भांडणांमागचा कागद

प्रश्न असा आहे: अमेरिकन रॉक गायक जॉन फॉगर्टीवर स्वतःच्याच जुन्या गाण्याची नक्कल केल्याचा खटला झाला, हे खरं की दंतकथा? आणि खरं असेल तर अमेरिकन रॉकवाले कंपन्यांशी, मॅनेजरशी, एकमेकांशी जन्मभर कोर्टात का भांडत बसतात? हा माज, की त्यांना खरंच कुणी लुबाडलेलं असतं?

खरं आहे. आणि त्या खटल्याची शेपटी थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. मी मुंबईत गायक-वादकांचे करार वाचायचं आणि जमेल तेवढे दुरुस्त करायचं काम करतो. या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी फॉगर्टीची गोष्ट सांगतो. रॉकमधल्या वादाच्या बातम्या नेहमी माणसांच्या स्वभावावर लिहिल्या जातात: अमुक चिडका, तमुक पैशाला हपापलेला, तिसरा मित्रद्रोही. फाईल उघडली की मात्र दिसतं, भांडण विशीत सही केलेल्या चार पानांवर चाललेलं आहे. स्वभावाचा वाटा असतो, पण तो नंतर येतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. काही रॉक कलाकारांवर लैंगिक अत्याचाराचे, हिंसेचे गंभीर आरोप झालेत, अजूनही होतायत. रॉयल्टीच्या भांडणाच्या पंगतीला ते बसवता येत नाहीत, म्हणून इथे त्यावर काही लिहीत नाही. हे उत्तर हक्क आणि पैसा यांच्यापुरतंच आहे.

पुढचं सगळं एका भेदावर उभं आहे, तो आधी सांगतो. रेकॉर्ड झालेल्या कुठल्याही गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक, रचना, म्हणजे शब्द आणि चाल. धंद्यात तिच्या हक्कांना ‘पब्लिशिंग’ म्हणतात. दुसरी, त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण, म्हणजे ‘मास्टर’. गाणं सिनेमात वापरायचं असेल तर दोन्हींच्या मालकांची परवानगी लागते. दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड केलं तर पैसे फक्त रचनेच्या मालकाला जातात, मूळ मास्टरवाल्याला काही नाही. गाणारा, लिहिणारा, पब्लिशिंगचा मालक आणि मास्टरचा मालक हे चार वेगळे लोक असू शकतात. ऐकणाऱ्याला मात्र एकच माणूस दिसतो, गिटार घेऊन उभा असलेला. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आता फॉगर्टी. कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ एल सेरिटो नावाचं गाव आहे. तिथली चार मुलं: जॉन फॉगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. फँटसी ही मुळात जॅझची छोटी कंपनी. तिने यांना ‘गॉलीवॉग्ज’ असं भयंकर नाव देऊन काही रेकॉर्डी काढल्या, चालल्या नाहीत. १९६७ मध्ये कंपनीतच विक्रीचं काम करणाऱ्या सॉल झेंट्सने भागीदार जमवून कंपनी विकत घेतली. बँडचं नाव बदलून ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ झालं आणि नवा करार झाला. जॉन तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याच्या सगळ्या रचनांचं पब्लिशिंग कंपनीकडे गेलं, मास्टर कंपनीकडे होतेच, आणि वर्षाला ठरावीक संख्येने गाणी देण्याचं बंधन त्याच्या मानेवर बसलं. यश आलं की हा करार फाडून चांगला करू, असं तोंडी आश्वासन मिळालं होतं, असं फॉगर्टीचं म्हणणं. तोंडी आश्वासनाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.

यश आलं ते थक्क करणारं होतं. एकट्या १९६९ सालात तीन अल्बम. ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘ग्रीन रिव्हर’, ‘फॉर्च्युनेट सन’ ही सगळी त्याच वर्षातली. गंमत म्हणजे बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत या बँडचं एकही गाणं कधी पहिल्या क्रमांकावर पोहोचलं नाही, पाच वेळा दुसऱ्यावर अडकलं. लिहिणारा, गाणारा, लीड गिटार वाजवणारा, निर्माता, सगळं एकटा जॉन. बाकीच्या तिघांना ते खुपायला लागलं. १९७१ मध्ये टॉम बाहेर पडला. १९७२ च्या ‘मार्डी ग्रा’ अल्बमसाठी कुक आणि क्लिफर्डलाही गाणी लिहावी-गावी लागली. अल्बम टीकाकारांनी अक्षरशः सोलून काढला आणि त्याच वर्षी बँड मोडला. हट्ट कुणाचा होता, यावर त्या दोघांचं आणि जॉनचं आजतागायत एकमत नाही.

बँड मोडला, करार मोडला नाही. जॉनच्या डोक्यावर अजून बरेच अल्बम देणं बाकी होतं. त्यात आणखी एक घाव बसला. कर वाचवण्यासाठी बँडचा पैसा बहामाजमधल्या नासाऊच्या कॅसल बँकेच्या योजनेत घातलेला होता, तो बुडाला. बचतीचे लाखो डॉलर गेले. अमेरिकन कर खात्याची नजर त्या बँकेवर पडलेली होतीच. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्यावर चौघांनी दावा लावला, पण निकाल यायला १९८३ उजाडलं. फँटसीच्या तावडीतून सुटण्यासाठी जॉनने शेवटी क्रीडन्सच्या रेकॉर्डींवरची आपली रॉयल्टीच सोडून दिली. ‘प्राउड मेरी’ रेडिओवर वाजायची, दुकानात खपायची, आणि तिच्या गायकाला त्या खपातून दमडी मिळायची नाही. आपली जुनी गाणी स्टेजवर गायचंच त्याने बंद केलं. लोकांना तो विक्षिप्त वाटायचा. तुमचं प्रत्येक गाणं तुमच्या वैऱ्याची तिजोरी भरत असेल तर तुम्हीही विक्षिप्त व्हाल.

झेंट्स मात्र या काळात सिनेमात गेला. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’, ‘अमाडेअस’, आणि पुढे ‘द इंग्लिश पेशंट’. तीनही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. पैसा गाण्यांचा होता, अभिरुची त्याची स्वतःची. त्याला नुसता खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मी तसं करणार नाही. १९६७ मध्ये या चार पोरांवर पैसे लावायला दुसरं कुणी रांगेत उभं नव्हतं. जोखीम घेणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. प्रश्न एवढाच, की पहिल्या जोखमीचा मोबदला किती वर्षं चालू राहावा आणि गाणं लिहिणाऱ्याला त्यातून कायमचं वगळावं का.

१९८५ च्या सुरुवातीला फॉगर्टी परतला, दुसऱ्या कंपनीतून, ‘सेंटरफील्ड’ घेऊन. सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवलेली. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात एक गाणं होतं ‘झँझ कान्ट डान्झ’, नाचता न येणाऱ्या पण तुमचे पैसे लांबवणाऱ्या डुकराबद्दल. हे कुणाबद्दल आहे ते कळायला वकील लागत नव्हता, पण झेंट्सने वकील लावलाच. १४ कोटी ४० लाख डॉलरचा बदनामीचा दावा! गाण्यातलं नाव बदलून ‘व्हँझ’ केलं गेलं आणि पुढे तडजोडीने ते प्रकरण मिटलं.

दुसरा दावा जास्त मजेशीर. ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे नवं गाणं म्हणजे क्रीडन्सच्या १९७० मधल्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, असं फँटसीचं म्हणणं. दोन्ही लिहिली फॉगर्टीनेच. पण वर सांगितलेला भेद आठवा. ‘जंगल’च्या रचनेचा मालक फॉगर्टी नव्हता, फँटसी होती. कायद्याच्या नजरेने शेजाऱ्याच्या गाण्याची नक्कल आणि स्वतः लिहून विकून टाकलेल्या गाण्याची नक्कल यात फरक नाही. उलट अशा आरोपीची पंचाईत जास्त. नक्कल सिद्ध करताना आरोपीने मूळ गाणं ऐकलं असण्याची शक्यता दाखवावी लागते. एरवी ‘मी ते गाणं ऐकलंच नव्हतं’ हा बचाव असतो. स्वतः लिहिलेलं गाणं ऐकलं नाही असं कसं म्हणणार?

म्हणून १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात प्रश्न एवढाच उरला, की दोन गाण्यांत सारखं काय आहे: संरक्षण मिळालेली रचना, की या माणसाची सवय? फॉगर्टी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला. कुठला स्वर, कुठली लय, तो दलदलीतून आल्यासारखा घुमणारा गिटारचा आवाज आपण कसा काढतो आणि आपल्या कितीतरी गाण्यांत तो कसा येतो, हे त्याने ज्यूरीला वाजवून दाखवलं. ज्यूरीने निकाल त्याच्या बाजूने दिला. शैली कुणाला विकता येत नाही, रचना विकता येते. माझ्या कामात हा निकाल फार उपयोगी पडतो, कारण आपल्याकडेही कंपनी सोडून गेलेल्या संगीतकाराला ‘तुझं नवं गाणं आमच्या जुन्यासारखं वाटतंय’ अशी नोटीस पाठवायची खोड आहे.

बहुतेक लोक गोष्ट इथेच थांबवतात. माझ्या दृष्टीने खरा भाग पुढे आहे. खटला जिंकेपर्यंत फॉगर्टीचे वकिलावर १० लाखांहून जास्त डॉलर खर्च झाले होते. त्याने ते फँटसीकडून मागितले. त्याच्या भागातल्या अपील कोर्टाची पद्धत अशी होती, की हक्काचा मालक जिंकला तर त्याला फी सहज मिळायची, पण आरोपी जिंकला तर दावा फालतू किंवा खोडसाळ होता हे त्याने सिद्ध करायचं. फँटसीचा दावा विचित्र होता, पण खोडसाळ ठरला नाही, म्हणून फी नामंजूर. फॉगर्टी सुप्रीम कोर्टात गेला. १ मार्च १९९४ रोजी निकाल लागला, न्यायाधीशांत मतभेद नाही: दोन्ही पक्षांना एकच माप. हरणाऱ्याने आपोआप फी भरावी ही फॉगर्टीची मागणी कोर्टाने मान्य केली नाही, पण खालच्या कोर्टाने दोघांकडे समान नजरेने बघावं असं ठरवलं. चुकीच्या आरोपाविरुद्ध शेवटपर्यंत लढणारा आरोपीही कॉपीराइट कायद्याची सेवाच करत असतो, असा त्यामागचा विचार. परत खाली गेल्यावर त्याला १३ लाखांच्या वर डॉलर मिळाले. ‘फॉगर्टी विरुद्ध फँटसी’ हे नाव आज अमेरिकेतल्या कॉपीराइट वकिलाला तोंडपाठ असतं, त्यातल्या कितीजणांनी ‘ग्रीन रिव्हर’ ऐकलंय देव जाणे.

जखम मात्र कोर्टाने भरली नाही. टॉम १९९० मध्ये वारला, दोघा भावांमधलं वितुष्ट पुरतं मिटायच्या आधीच. १९९३ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला तेव्हा जॉनने कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन यांना घेऊन तो स्टेजवर गेला. ते दोघे त्या रात्री प्रेक्षकांत. पुढे त्या दोघांनी जवळपास त्याच नावाचा बँड काढला, त्यावर पुन्हा कोर्ट. इथे माझी सहानुभूती थोडी विभागली जाते. फॉगर्टीवर अन्याय झाला यात शंका नाही. पण कंपनीवरचा राग सोबत्यांवर काढण्याची किंमत त्यानेच भरली.

मग कुलूप उघडलं कसं? २००४ मध्ये फँटसी कॉन्कॉर्ड कंपनीला विकली गेली आणि नव्या मालकाने फॉगर्टीची सोडलेली रॉयल्टी त्याला पुन्हा सुरू करून दिली. चांगुलपणा होताच, पण नाराज कलाकारापेक्षा खूश कलाकार जास्त गाणी विकून देतो हा हिशेबही असणार. तो खरोखरच पुन्हा फँटसीच्या नावाखाली अल्बम काढायला लागला. आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रीडन्सच्या आपल्या रचनांच्या जागतिक पब्लिशिंग हक्कांचा बहुतांश वाटा त्याने कॉन्कॉर्डकडून विकत घेतला. वय ७७.

हे २०२३ मध्येच का झालं, त्याचं कोडं कायद्यात सुटतं. अमेरिकन कायद्यात एक फार मोलाची तरतूद आहे. १९७८ पूर्वीच्या रचनांसाठी ५६ वर्षांनी, आणि १९७८ पासून पुढे कलाकाराने दिलेल्या हक्कांसाठी ३५ वर्षांनी, मूळ लेखक वेळेवर नोटीस देऊन विकलेला हक्क परत मागू शकतो. करारात ‘कायमचा’ लिहिलेलं असलं तरी. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण यावी असा प्रकार आहे हा: सातबाऱ्यावर नाव सावकाराचं असलं तरी एका टप्प्यावर कायदा कसणाऱ्याकडे बघतो. १९६८-६९ मध्ये ५६ मिळवा, २०२४-२५ येतं. अमेरिकेपुरते हक्क तसेही हातातून जायची वेळ जवळ आली, की विकणाऱ्याची मान जरा मऊ होते. २०२५ मध्ये, ८० वर्षांचा झाल्यावर, फॉगर्टीने क्रीडन्सची गाणी नव्याने रेकॉर्ड करून अल्बम काढला. रचना त्याच्या हाती आली होती, जुने मास्टर नव्हते, म्हणून नवे मास्टर. आजकाल पॉपमध्ये जुने अल्बम नव्याने रेकॉर्ड करून गाजवले जातात, त्यामागचं गणितही हेच.

टॉम पेटी या दुसऱ्या रॉक गायकाची गोष्ट याच्या जोडीला वाचावी, कारण त्याने फॉगर्टीच्या उलट केलं: वेळेवर भांडला. तरुणपणी त्याने पब्लिशिंग सोडून दिलं होतं. पब्लिशिंग म्हणजे गाण्यांची छापील पुस्तकं असावीत अशी त्याची समजूत होती, असं तो पुढे सांगायचा. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराची समजूत याच्या आसपासच असते. १९७९ मध्ये त्याची कंपनी दुसरीला विकली गेली, तेव्हा ‘मी काय गोदामातला माल आहे का, परस्पर विकायला’ असा पवित्रा घेऊन तो अडून बसला. खिशात पैसे नव्हते, तर त्याने थेट दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीत जुने करार पुन्हा तपासले जातात, कंपन्यांना नेमकी त्याचीच भीती. त्या दिवसांत नव्या अल्बमच्या टेप रोज स्टुडिओतून हलवून दुसरीकडे ठेवल्या जायच्या, म्हणजे कोर्टात विचारलं तर ‘टेप कुठे आहेत मला माहीत नाही’ असं पेटी खरं खरं सांगू शकेल. शेवटी तडजोड झाली, त्याच मोठ्या कंपनीच्या एका नव्या उपकंपनीशी चांगला करार झाला आणि ‘डॅम द टॉर्पीडोज’ बाहेर आला, थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत.

१९८१ मध्ये कंपनीला त्याचा पुढचा अल्बम ८.९८ ऐवजी ९.९८ डॉलरला विकायचा होता, ‘सुपरस्टार’ दर म्हणून. पेटी पुन्हा अडला. अल्बम जुन्याच किमतीला निघाला, आणि मुखपृष्ठावर रेकॉर्डच्या दुकानात उभ्या पेटीशेजारच्या खोक्यावर ८.९८ चा आकडा दिसतो. एका डॉलरसाठी एवढं? तो डॉलर त्याच्या खिशातून जात नव्हता, ऐकणाऱ्याच्या जात होता. रॉकवाले भांडतात ते पैशासाठीच, असं म्हणणाऱ्यांना मी हे मुखपृष्ठ दाखवतो.

स्प्रिंगस्टीनचं थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये मॅनेजर माइक ॲपेलशी करार, ‘बॉर्न टू रन’ गाजल्यावर १९७६ मध्ये दावा, आणि जवळजवळ वर्षभर त्याला हव्या त्या निर्मात्याबरोबर स्टुडिओत जाता येईना. १९७७ च्या मे महिन्यात तडजोड. कारकिर्दीच्या ऐन भरात एक वर्ष गप्प बसायला लागणं म्हणजे काय, ते क्रिकेटवाल्यांना विचारा. त्याच स्प्रिंगस्टीनने २०२१ च्या अखेरीस आपले मास्टर आणि पब्लिशिंग दोन्ही सोनीला विकले, बातम्यांनुसार ५० कोटी डॉलरच्या आसपास. हक्क हातात राहिले की विकणं न विकणं ही तुमची मर्जी असते.

आता मेटॅलिका हा बँड, कारण आपल्याकडच्या पोरांना हीच गोष्ट माहीत असते आणि चुकीची माहीत असते. एप्रिल २००० मध्ये त्यांनी नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायच्या सेवेवर, खटला भरला. कारण घडलं ते असं, की ‘आय डिसअपिअर’ हे गाणं अधिकृतपणे बाहेर येण्याआधीच फिरायला लागलं आणि रेडिओवर वाजलं. मग ड्रमर लार्स उलरिक ३ लाख ३५ हजारांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची छापील बाडं घेऊन नॅपस्टरच्या दारात गेला. प्रतिमेच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही करता आलं नसतं: कोट्यधीश ड्रमर आणि समोर खिशात पैसे नसलेले चाहते. जुलै महिन्यात तो सिनेटच्या समितीपुढे बोलला, पुढच्या जुलैत तडजोड झाली, आणि ‘लोभी मेटॅलिका’ हे विशेषण वीसेक वर्षं चिकटलं.

चाहते एक विसरतात. याच बँडने १९९४ मध्ये स्वतःच्या कंपनीलाही कोर्टात खेचलं होतं. कॅलिफोर्नियात सात वर्षांचा नियम आहे: वैयक्तिक सेवेच्या कराराने कुणाला सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येत नाही. तो गाजला १९४० च्या दशकात, अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडने स्टुडिओविरुद्ध जिंकलेल्या खटल्याने. गायकांच्या बाबतीत १९८७ मध्ये कंपन्यांनी त्याला पाचर मारून घेतली, न दिलेल्या अल्बमबद्दल भरपाई मागता येईल अशी. थर्टी सेकंड्स टू मार्स या बँडवर २००८ मध्ये ३ कोटी डॉलरचा दावा झाला तो याच पाचरीमुळे. मेटॅलिकाने या नियमाचा आधार घेऊन दबाव आणला, तडजोड करून घेतली, आणि २०१२ च्या अखेरीस आपल्या अल्बमचे हक्क आपल्याच ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्जकडे आल्याचं जाहीर केलं. म्हणजे आपल्या रेकॉर्डिंगवर ताबा कुणाचा, हा त्यांचा प्रश्न कंपनीसमोर आणि नॅपस्टरसमोर एकच होता. लार्सचं म्हणणं बरोबर होतं, मांडणी भिकार होती. फुकटात गाणं मिळायची सवय लागल्यावर पुढे त्याची किंमत किती खाली गेली ते आजचे स्ट्रीमिंगचे आकडे बघणाऱ्या कुठल्याही संगीतकाराला विचारा.

पर्ल जॅम या बँडने १९९४ मध्ये तिकीटविक्री करणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीविरुद्ध अमेरिकन संसदेसमोर साक्ष दिली, तिकीट २० डॉलरच्या आत ठेवण्यासाठी. सरकारने १९९५ मध्ये चौकशी गुंडाळली आणि काही वर्षांत बँड निमूटपणे तिकीटमास्टरकडे परतला. अमेरिकन सरकारने त्या कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला तो २०२४ मध्ये. तीस वर्षं उशिरा का होईना.

बँडमधल्या आपापसातल्या भांडणांचं मूळही बहुतेक वेळा करारात असतं, पण तिथे स्वभावाला जास्त वाव. ईगल्सचंच घ्या. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची मूळ चाल डॉन फेल्डरची, त्याच्या नावावर रचनेत वाटा आहे. बँडच्या कंपनीत तो, डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचे सारखे भाग होते. १९९४ मध्ये बँड पुन्हा जमला तेव्हा हेन्ली-फ्रायना मोठा वाटा हवा होता. आमच्यामुळे लोक येतात, हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच खोटा नव्हता. २००१ मध्ये फेल्डरला काढलं, दावे झाले, २००७ मध्ये मिटले. डेड केनेडीज या पंक बँडची कथा आणखी बोचरी: भांडवलशाहीवर आसूड ओढणारा गायक जेलो बियाफ्रा स्वतःच रेकॉर्ड कंपनी चालवायचा, आणि सोबत्यांची रॉयल्टी दाबल्याबद्दल २००० मध्ये ज्यूरीने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पलीकडच्या खुर्चीत बसलं की माणसाला तिकडचं गणित पटायला लागतं.

‘पण रॉयल्टी मिळत नाही म्हणजे नेमकं कसं? अल्बम तर खपतो!’ हे विचारणाऱ्यांसाठी एक काल्पनिक हिशेब. कंपनी बँडला १ लाख डॉलर उचल देते, स्टुडिओचा खर्च त्यातच. रेकॉर्डमागे बँडचा वाटा १ डॉलर, कंपनीला खर्च जाऊन ३ डॉलर. १ लाख प्रती खपल्या. बँडचे १ लाख डॉलर उचलीत वळते झाले, हातात शून्य. कंपनीकडे ३ लाख आले, शिवाय उचल वसूल, शिवाय मास्टर कंपनीचाच. म्हणजे ज्या रेकॉर्डिंगचा खर्च बँडने स्वतःच्या वाट्यातून फेडला, त्याची मालकी दुसऱ्याकडे. पुढचा अल्बम आपटला तर त्याची तूट आधीच्या अल्बमच्या कमाईतून भरून घ्यायचं कलम बहुतेक करारांत असतं. आकडे माझे, रचना जुन्या करारांची सर्रास हीच.

आपल्याकडे काय, हे विचाराल म्हणून सांगतो. ही भांडणं आपल्याला परकी नाहीत. गायकाला रॉयल्टी मिळावी की नाही यावरून १९६० च्या दशकात लतादीदी आणि मोहम्मद रफी यांच्यात वितुष्ट आलं आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद ठेवलं. रफीसाहेबांचं म्हणणं, मानधन मिळालं, विषय संपला. लतादीदींचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जातेय तोवर विषय संपत नाही. मी लतादीदींच्या बाजूने. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताची मालकी निर्मात्याकडे जाते असं ठरवलं, आणि २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत गीतकार-संगीतकार हात चोळत बसले. जावेद अख्तरांनी राज्यसभेत रेटून नेलेल्या त्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. फॉगर्टीसारखं रॉयल्टी सोडून देणं आज भारतात गाणं लिहिणाऱ्याकडून लिहून घेतलं तरी टिकणार नाही. ३५ वर्षांनी हक्क परत मागायची सोय मात्र आपल्याकडे नाही.

त्याऐवजी आपल्या कायद्यात दोन छोट्या ओळी आहेत, फारसं कुणी वाचत नाही. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरायची. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारात ‘अनंत काळासाठी, संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात. विनोद नाही, खरंच असतात, शनीच्या कड्यांवरही तुमचं गाणं त्यांचंच. पुण्यातला, कोल्हापुरातला किंवा पणजीतला एखादा बँड पहिला करार घेऊन आला, की मी आधी ते पान काढतो, पेन्सिलने खूण करतो आणि सांगतो: मुदत १० वर्षं करता येईल का एवढं विचारा, आणि पब्लिशिंगचं कलम मास्टरच्या कलमापासून वेगळं करून मागा. बऱ्याच कंपन्या दोन्हीपैकी एक मान्य करतात. नाही म्हणाल्या तरी विचारलं म्हणून करार काढून घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.